‘मला कुणी काही विचारलं तर?’

गेल्या काही वर्षांत समुपदेशनाच्या भेटींत एक काळजी मी इतक्यांदा ऐकली आहे की पहिलं वाक्य कानावर पडताच पुढचं कळतं. ‘मला ॲनिमे आवडतं. कन्व्हेन्शनला जायची फार इच्छा आहे. पण बरोबर कुणी नाही, आणि मला तसं काहीच माहीत नाही.’ ॲनिमे म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिका आणि चित्रपट; कन्व्हेन्शन म्हणजे त्यांच्या चाहत्यांचा मेळावा. असं म्हणणाऱ्यांतल्याच एकीची ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि बऱ्याच भेटी थोडक्यात आणल्या आहेत.

वय सत्तावीस. सलग दोन वर्षं तिकीट काढून ती घरीच बसली होती.

“तिथे नेमकं काय होईल असं वाटतं?”

“कुणीतरी विचारेल, हे पात्र कोण? मला नाही सांगता आलं, की कळेल मी खरी फॅन नाही. सगळे कॉस्प्ले करून, म्हणजे आवडत्या पात्राचा वेश घेऊन, आलेले असणार. मी साध्या कपड्यांत, एकटी.”

“मग केव्हा जाल?”

“सगळं पाहून झालं की.” मग तीच थबकली. “पण दर तीन महिन्यांनी नव्या मालिका येतात.”

माझा कान नेहमी एका अक्षरावर असतो: ‘च’. ‘मला सगळं माहीत असायलाच हवं. मी शोभायलाच हवी.’ माणसाला भीती घालतो तो बहुतेक वेळा हा ‘च’; प्रसंग बिचारा बाजूला उभा असतो. मी तिला तिची वाक्यं लिहायला लावली, ‘च’ खोडायला सांगितला. तिने खोडला, मान डोलावली, आणि काहीही बदललं नाही. डोक्याला पटलेलं छातीत उतरायला वेळ लागतो, हे मी इतक्या वर्षांत शिकले आहे. म्हणून घाई केली नाही.

तिसऱ्या भेटीत तिने सहज ‘ओताकू’ हा शब्द वापरला. मला तो खरोखरच माहीत नव्हता. “म्हणजे काय?” मी विचारलं.

ती खुर्चीत पुढे सरकली. “शब्दशः अर्थ ‘आपलं घर’. समोरच्याला फार अदबीने ‘आपण’ म्हणायचं असलं की जपानीत तसं म्हणतात. चाहते एकमेकांना भेटले की ‘तू’ म्हणण्याऐवजी इतकं औपचारिक बोलायचे, म्हणून १९८३ साली नाकामोरी आकिओ नावाच्या लेखकाने एका मासिकात त्यांची टर उडवत तेच नाव त्यांना देऊन टाकलं.” मग ती टोकियोच्या कॉमिकेटबद्दल बोलू लागली. चाहत्यांनी स्वतः काढलेल्या पुस्तिकांचा हा मेळावा, १९७५ पासूनचा. तिथे कुणाला ‘ग्राहक’ म्हणत नाहीत. पुस्तिका विकणारे, घेणारे, व्यवस्था पाहणारे, सगळे ‘सहभागी’. वीस मिनिटं मी फक्त ऐकत होते. तोपर्यंतच्या भेटींत तिचा आवाज एवढा मोकळा कधी लागला नव्हता.

ती थांबल्यावर मी विचारलं, “मला एवढंही माहीत नव्हतं. राग आला माझा?”

“छे! उलट सांगायला मजा आली.”

“आणि ज्या लोकांना त्यांच्या अवघडलेपणावरूनच नाव पडलं, त्यांच्यात जायला तुम्ही घाबरताय, कारण तुम्ही अवघडता?”

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग हसली, आणि डोळ्यांत पाणी आलं. तो क्षण मला फार मोलाचा वाटतो. माझ्या अज्ञानाने त्या दिवशी जे काम केलं, ते माझ्या कुठल्याही युक्तिवादाने केलं नव्हतं. ज्याला खूप माहीत असतं, त्याला ऐकणारा हवा असतो. नवखा माणूस तिथे रिकाम्या हाताने जात नाही. तो कुतूहल घेऊन जातो.

मग आम्ही तिच्यासाठी एक गृहपाठ ठरवला. फक्त दोन तास जायचं. एकच पॅनेल, म्हणजे मंचावरचा चर्चेचा कार्यक्रम, आधीपासून हेरून ठेवायचं, म्हणजे ‘आता कुठे जाऊ’ हा प्रश्न छळणार नाही. आणि तीनदा मुद्दाम म्हणायचं, “मला माहीत नाही, सांगाल?” हे म्हणायला सगळ्यांत सोपी जागा म्हणजे चित्रकारांची टेबलं. मध्ये टेबल असतं, समोर चित्र असतं, विषय शोधावा लागत नाही. कॉस्प्लेची सक्ती नसते. साध्या कपड्यांत येणारे खूप असतात. फोटो काढण्याआधी विचारायचं, पोशाखाला हात लावायचा नाही. हा शिष्टाचार बुजऱ्यांना उपयोगी पडतो, कारण ‘फोटो काढू का?’ हे बोलायला मिळालेलं आयतं वाक्य आहे. हातात शस्त्राची प्रतिकृती असेल तर नियम आधी वाचावेत. बहुतेक ठिकाणी ती तपासतात. पायांत सरावाचे बूट, जवळ पाणी, पोटात काहीतरी. भूक आणि थकवा यांनाच आपण पुष्कळदा भीती समजतो.

मात्र कामावर जाणं, दुकानात बोलणंही जड जात असेल, तर एवढ्यावर थांबू नका. प्रत्यक्ष मदत घ्या.

ती गेली. एका मुलाने तिची परीक्षा घेतलीच. असे लोक असतात, ते मी तिच्यापासून लपवलं नव्हतं. ती म्हणाली, “मी नवीन आहे. तुम्ही कुठून सुरुवात केलीत?” तो आधी गडबडला, मग पाऊण तास बोलत राहिला.

पुढच्या भेटीत तिने कार्यक्रमपत्रिका माझ्यासमोर ठेवली. मागच्या कोऱ्या बाजूवर तीन वेगवेगळ्या हस्ताक्षरांत मालिकांची नावं होती.

“यांतली एकतरी पाहिलीत, मॅडम?”

“नाही,” मी म्हटलं. “सांगा.”