खापरं ओळखायला शिकताना: नक्षीला भुलू नकोस

डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ मध्ये उत्खनन केलेल्या इनामगावची (पुणे जिल्ह्यातली ताम्रपाषाणयुगातली वस्ती) खापरं बघून सुरुवात करतोयस, छान. पण काळी नक्षी दिसली की लगेच 'जोर्वे' (जोर्वे गावावरून नाव पडलेली, काळ्या नक्षीची ताम्रपाषाणयुगीन लाल भांडी) म्हणू नकोस. 'माळवा' नावाच्या, त्याआधीच्या प्रकारच्या खापरांवरही ती असते. मीही फसलोय.

आधी ताजी तुटलेली कड बघ. माती बारीक आहे की वाळू-भुसा मिसळलेली? गाभा काळा राहिलाय की आरपार लाल? मग टिचकी मार. नीट भाजलेलं जोर्वे खणखणतं. माठ घेताना आपण हेच करतो की!

- काठ, बूड, तोट्या वेगळ्या काढ. पोटाच्या तुकड्यावरून भांड्याचा आकार क्वचितच कळतो.
- माती, लेप, भाजणी, आकार जुळले की प्रकार. त्यात काठाचा किंवा नक्षीचा लहानसा पण पुन्हापुन्हा दिसणारा फरक असेल तर उपप्रकार.

एका वेगळ्या तुकड्यावरून नवा प्रकार काढू नकोस. भट्टीत आच सगळीकडे सारखी लागत नाही, त्यामुळे एकाच भांड्याची एक बाजू लाल आणि दुसरी काळपट निघते.

आणि पिशवीतली थराची चिठ्ठी, म्हणजे खापरं उत्खननात कोणत्या थरात सापडली ते लिहिलेली, सांभाळ. माझी एकदा हरवली, अख्खी पिशवी वाया गेली.