धावण्यात शिस्त पाळायला गेलं की मजा जाते, काय करावं?

आठवड्यातले दोन दिवस घड्याळ घरी ठेवून पळा. हाफ मॅरेथॉनच्या 21.1 किलोमीटरसाठी मीही तक्ता भिंतीवर चिकटवला होता. महिन्याभरात आमच्या कोल्हापूरच्या रंकाळा तळ्याचाच कंटाळा आला. तळ्यावर ऊन उतरतंय आणि माझी नजर मनगटावर!

आता मंगळवारी वेगाचा सराव आणि रविवारी लांब पल्ला, एवढंच पक्कं. पाऊस असो की पाहुणे, ते चुकवत नाही. बाकी दिवशी सोबतच्याशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता येतील इतकंच पळायचं. धापेनं वाक्य तुटलं की वेग जास्त झाला समजायचं. दमलेले पाय सावरतात ते याच सावकाश दिवसांत.

रविवारी शेवट मात्र गंगावेशीत, कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध. कॅलरी विचारू नका भावा.