खेड्यात राहून, घर आणि शेती सांभाळत पीएच.डी. वेळेत कशी पूर्ण करावी?

तुम्ही लिहिले आहे की तुम्ही यवतमाळ जिल्ह्यातील एका गावात सासरी राहता, तालुक्याच्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवता, नोंदणी होऊन दीड वर्ष झाले आहे, मार्गदर्शक अमरावतीला असतात आणि अजून एकही प्रकरण कागदावर उतरलेले नाही. मीही याच जिल्ह्यात, घरची कपाशी-तूर सांभाळत, कापूस वेचणाऱ्या मजूर स्त्रियांच्या मिळकतीवर अर्थशास्त्रात पीएच.डी. पूर्ण केली. त्यामुळे तुमची अडचण मला जवळून ठाऊक आहे.

पहिली गोष्ट अगदी साधी आहे, पण मला ती फार उशिरा उमगली: मार्गदर्शकांशी जे बोलणे होईल, ते त्याच दिवशी लिहून त्यांना ई-मेलने पाठवत जा. दुसऱ्या वर्षी माझ्या प्रकरणांची मांडणी तोंडी चर्चेत बदलली. मी त्याप्रमाणे आठ महिने काम केले आणि पुढच्या भेटीत जुन्याच मांडणीप्रमाणे लेखन मागितले गेले. यात कोणाचा खोटेपणा नव्हता. ज्यांच्याकडे अनेक विद्यार्थी असतात, त्यांना सहा महिन्यांपूर्वीचे बोलणे आठवत नाही आणि आपण दूर असल्यामुळे मधल्या काळात वारंवार दिसतही नाही. त्यानंतर एस.टी.तून परत येतानाच मी चार ओळी लिहीत असे: आज काय ठरले, मी काय करणार, कोणत्या तारखेपर्यंत पाठवणार. पुढची भेट याच ओळींपासून सुरू होऊ लागली आणि मला पुन्हा मागे जावे लागले नाही.

मुदतीचे नियम स्वतः वाचून ठेवा, कोणाच्या सांगण्यावर राहू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.साठी कोर्सवर्क धरून किमान ३ आणि कमाल ६ वर्षे मिळतात. पुनर्नोंदणी करून आणखी २ वर्षे, आणि महिलांना त्याहून अधिक २ वर्षे, म्हणजे एकूण १० वर्षांपर्यंत सवलत मिळू शकते. शिवाय मातृत्व किंवा बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंतची रजा घेता येते. या रजेची तरतूद नियमातच आहे; ती मागताना संकोच करू नका, मात्र अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची असते. पुष्कळ जण तो सोपस्कार मानतात. मी मात्र ते सादरीकरण म्हणजे प्रकरणाची शेवटची तारीख मानत असे, कारण गावात दुसरे कोणी आपल्याला तारीख देत नाही.

आता वेळेविषयी. शहरातल्या विद्यार्थ्यासारखे ‘रोज चार तास’ असे वेळापत्रक आपल्याकडे टिकत नाही. पेरणीचे दिवस, सोयाबीनची सोंगणी आणि दिवाळीनंतरची कापूस वेचणी या काळात घरातील प्रत्येक हात वावरात लागतो, आणि सून वाचत बसली आहे हे दृश्य कितीही समजूतदार घराला जड जाते. म्हणून वर्ष शेतीच्या हंगामाप्रमाणेच आखा. पेरणी आटोपल्यावर पावसाची झड लागली की काम थांबते, ते दिवस वाचनाचे. उलंगवाडीनंतर, म्हणजे कापसाचा हंगाम संपल्यावर, मृगापर्यंतचे महिने मोठ्या लेखनाचे. हंगामाच्या गर्दीत केवळ टिपणे आणि संदर्भांच्या नोंदी करा, पण त्या रोज करा, कारण पंधरा दिवसांचा खंड पडला की लेखनाचा धागा पुन्हा हाती यायला महिना जातो. घरच्यांना ‘अभ्यास आहे’ असे मोघम सांगण्यापेक्षा ‘होळीपर्यंत हे प्रकरण द्यायचे आहे’ असे सांगितलेले अधिक कळते, आणि माझ्या सासूबाई तर नंतर स्वतःच विचारू लागल्या होत्या.

क्षेत्रकार्य तुमच्या विषयात असेल तर आपले गाव हीच तुमची मोठी जमेची बाजू आहे, पण ओळखीच्या माणसांना विचारताना दुप्पट सावध राहावे लागते. मी प्रश्नावलीत ‘रोजची मजुरी किती?’ असे विचारले होते. वेचणीची मजुरी किलोवर असते. बोंडे भरपूर फुटलेली असताना एक बाई जेवढा कापूस वेचते, त्याच्या मानाने शेवटच्या वेच्याला फार थोडा येतो, त्यामुळे त्या एका आकड्याला काहीच अर्थ नव्हता. मला प्रत्येक वेच्याप्रमाणे पुन्हा विचारत फिरावे लागले. कर्जाविषयीची उत्तरे तर घरात कोण बसले आहे यावर बदलतात. म्हणून पहिल्या दहा-बारा मुलाखतींनंतर थांबा, उत्तरे मार्गदर्शकांना दाखवा, प्रश्न दुरुस्त करा आणि मगच पुढे जा.

ग्रंथालय दूर असल्याची खंत फार करू नका. देशभरातील विद्यापीठांचे प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. तालुक्याला गेल्यावर, नेट चांगले असताना, आपल्या विषयाचे प्रबंध उतरवून घ्या आणि त्यांची रचना पाहा.

आठवड्याभरात शोधनिबंध छापून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या नियतकालिकांपासून कटाक्षाने दूर राहा. २०२२ च्या नियमांत प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंधाची देशपातळीवरची सक्ती उरलेली नाही. तुमच्या विद्यापीठाची स्वतंत्र अट असेल, तर ती पीएच.डी. विभागातून लेखी घ्या. फेलोशिप मिळत असल्यास तीही ठरल्या तारखेला येईल असे धरून घरखर्च आखू नका.

तुमचे एकही प्रकरण झालेले नाही, तर पहिल्या प्रकरणापासून सुरुवात करण्याचा हट्ट सोडा. ज्या भागाची टिपणे हाताशी आहेत, त्याची पाच पाने याच आठवड्यात, कच्ची का असेनात, लिहून मार्गदर्शकांना पाठवा आणि त्याच ई-मेलमध्ये पुढच्या भेटीची तारीख मागा.