उंची पाच फूट, गाडी कोणती?

प्रश्न : मुलुंडहून अंधेरीला रोज जाते. उंची जेमतेम पाच फूट. स्विफ्ट, टियागो की वॅगन आर?

उत्तर : ताई, आधी शोरूममध्ये चपला नेहमीच्याच घालून जा. क्लच पूर्ण दाबा. पाठ सीटवरून सुटली किंवा गुडघा ताठ झाला, तर सीट पुढे घ्या. मग छाती आणि स्टिअरिंग यांत दहा इंच अंतर उरतंय का, पाहा. आत एअरबॅग असते. माझी बायको तुमच्याच उंचीची. पहिल्या गाडीत ती उशी घेऊन बसायची, ब्रेक मारला की उशी सरकायची. तेव्हापासून ड्रायव्हर सीटची उंची बदलता येत नसेल, तर ते मॉडेल मी सुचवतच नाही.

वॅगन आरमध्ये बसायला उंच, रस्ता छान दिसतो. स्विफ्टमध्ये बैठक खाली. टियागोला गाड्या धडकवून तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप संस्थेच्या 2020च्या चाचणीत मोठ्यांच्या सुरक्षेसाठी चार तारे मिळाले. दारही जड लागतं.

एसीचे नॉब मात्र डोळे मिटून फिरवून बघा. पावसात जेव्हीएलआरवर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) काच धुरकटली की स्क्रीन चाचपत बसायला वेळ नसतो. आणि तुमच्या त्या रस्त्यावर क्लच मारून पाय भरून येतो. एएमटी, म्हणजे क्लच पेडल नसलेली, गिअर आपोआप बदलणारी गाडी घ्याच.