आधी इंजेक्शन, मग नवऱ्याचा हिशेब

प्रश्न : ताई, लग्नाला दोन वर्षं झाली, मला पाचवा महिना चालू आहे. तालुक्याच्या दवाखान्यात रक्त तपासलं, त्यात व्हीडीआरएल १:१६ आणि टीपीएचए पॉझिटिव्ह आलं. सिस्टर म्हणाल्या, या दोन्ही सिफिलिसच्या तपासण्या, म्हणजे संबंधातून लागणारा हा गुप्तरोग तुम्हाला आहे, इंजेक्शनं घ्यावी लागतील, मिस्टरांनाही आणा. मला कधी काही झालेलं नाही. नवरा पुण्याला कंपनीत असतो, पंधरा दिवसांनी येतो. तो म्हणतो, ‘माझ्या अंगावर साधी पुळी नाही, तूच सांग कुठून आणलंस.’ आता त्याच्या मित्राने सांगितलेल्या वैदूकडे चल म्हणतोय. सासूबाईंच्या भीतीने मी परत दवाखान्यात गेलेच नाही. बाळाचं काय होईल? आणि हे त्याच्याकडूनच आलं, हे सिद्ध कसं करू?

उत्तर : हे वाचशील त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ओपीडीला जा. नवरा आला तर उत्तम, नाही आला तर एकटी जा.

बाळाबद्दल आधी बोलू. उपचार घेतलेच नाहीत तर हा जंतू वारेतून बाळापर्यंत पोचतो. गर्भ पडणं, बाळ पोटातच दगावणं, दिवस भरायच्या आत किंवा आजार घेऊनच जन्मणं, असं काहीही होऊ शकतं. पण वेळेत पेनिसिलिन मिळालं तर बहुतेक बाळं धडधाकट जन्मतात. बाळंतपणाच्या निदान महिनाभर आधी तरी उपचार झालेले असावेत. तुझ्या हातात अजून वेळ आहे, फक्त तो कपाटात रिपोर्ट लपवण्यात घालवू नकोस.

औषध एकच, बेंझाथिन पेनिसिलिन. २४ लाख युनिटचा डोस, बहुतेक ठिकाणी दोन्ही कुल्ल्यांत अर्धा-अर्धा देतात. दुखतं, खोटं कशाला सांगू? दोन दिवस बसताना आठवण राहते. लागण कधीची हे सांगता येत नसलं की आठवड्याच्या अंतराने असे तीन डोस देतात, तुलाही बहुधा तेच सांगतील. तारीख चुकवू नकोस, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागू शकते. पहिल्या डोसनंतर दिवसभरात थंडी-ताप येऊ शकतो. पोटात कळा आल्या किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर मात्र तडक दवाखाना गाठ. पूर्वी कधी पेनिसिलिनची रिअ‍ॅक्शन आली असेल तर आधीच सांग. गरोदरपणात याला दुसऱ्या गोळीचा भरवसा नाही, म्हणून तशा बाईला दवाखान्यात ठेवून, हळूहळू सवय करून हेच औषध देतात.

आणि तो वैदू! एसटी स्टँडच्या भिंतीवर ‘गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज’ रंगवणाऱ्यांनी किती संसारांचे पैसे आणि महिने खाल्ले असतील, देव जाणे. या रोगावर पेनिसिलिन १९४३पासून वापरात आहे आणि जंतूला अजून त्याला दाद न देणं जमलेलं नाही. सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळत असताना पुड्या कशाला?

आता ‘माझ्या अंगावर काही नाही’ हे. सिफिलिसची पहिली जखम बहुधा दुखत नाही. लागणीनंतर साधारण तीन आठवड्यांनी उठते आणि औषध न घेताही महिना-दीड महिन्यात भरून जाते. बाईच्या तर बऱ्याचदा आत असते, दिसतच नाही. पुढे कधी तळहात-तळपायांवर पुरळ येतं, माणूस उष्णता म्हणून सोडून देतो. मग वर्षानुवर्षं सगळं शांत. तेव्हा तो खोटं बोलत असेलच असं नाही, आणि तुला काही झालं नाही हेही खरंच असेल.

व्हीडीआरएल गरोदरपणात कधीकधी उगाचही पॉझिटिव्ह येतं, पण तुझं टीपीएचएही आलंय, म्हणजे लागण झालेली आहे. १:१६ म्हणजे रक्तातलं पाणी सोळा पट पातळ केलं तरी तपासणी पॉझिटिव्ह आली. उपचारानंतर हा आकडा उतरला पाहिजे, १:४वर आला की डॉक्टर समाधानी होतात. त्याला महिने लागतात, त्यामुळे बाळंतपणापर्यंत उतरला नाही म्हणून घाबरू नकोस. टीपीएचए मात्र बहुतेकांचं जन्मभर पॉझिटिव्ह राहतं. पुढे कुणी तो कागद नाचवला तर हे लक्षात ठेव.

कुणाकडून कुणाला, हे यातली एकही तपासणी सांगत नाही. लागण लग्नाआधीचीही असू शकते, त्याची किंवा तुझी. हा हिशेब तुम्हा दोघांना बोलूनच करावा लागेल आणि तो बाळंतपणानंतर केला तरी चालेल. त्याचं रक्त मात्र आत्ताच तपासायला हवं, आणि रिपोर्ट काहीही आला तरी उपचाराचं डॉक्टरांना विचारायचं. पुण्यातल्या सरकारी रुग्णालयात गुप्तरोगांसाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ आहे, तिथे गावचं कुणी भेटणार नाही असं सांग त्याला. दोघांचे उपचार पुरे होईपर्यंत संबंध नकोत, नाहीतर तुला पुन्हा लागण होऊ शकते.

सासूबाईंना ‘रक्तात इन्फेक्शन निघालंय, बाळासाठी इंजेक्शनं आहेत’ एवढं पुरे. ते खरंच आहे. घरात दुसऱ्या कुणाला सांगू नका, असं सिस्टरना स्पष्ट बजाव. ताट-वाटी, कपडे, संडास यांतून हे पसरत नाही, तेव्हा स्वतःचा पेला वेगळा काढू नकोस. नवऱ्याने हात उचलला किंवा घराबाहेर काढायची भाषा केली तर १८१ या महिला हेल्पलाइनला फोन कर.

पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरी जाशील. इंजेक्शनच्या तारखा लिहिलेला कागद आणि दोन्ही रिपोर्ट बॅगेत ठेव, आणि बाळ झाल्या दिवशीच बाळाच्या डॉक्टरांना दाखव. त्याचंही रक्त तपासायला लागेल.