दुःखी माणूस ‘मिझरेबल’ असतो का?

एका वाचक भगिनींची लेक इंग्लंडमध्ये शिकते. तिच्या घरमालकांची पत्नी नुकतीच वारली. लेकीने वर्गातल्या इंग्रज मैत्रिणीला कळवलं, ‘ही इज अ मिझरेबल मॅन.’ बिचारे फार दुःखात आहेत, एवढंच तिला सांगायचं होतं. मैत्रिणीने उलट विचारलं, त्यांनी तुझं काय वाकडं केलंय? भगिनींचा प्रश्न असा, की शब्दकोशात ‘मिझरेबल’चा अर्थ ‘अत्यंत दुःखी’ असा दिलेला असताना चुकलं कुठे?

अर्थ बरोबरच होता, शब्दाची जागा चुकली. ‘ही इज मिझरेबल’ म्हटलं की त्या माणसाची सध्याची अवस्था कळते: तो दुःखात आहे, त्याचं कशात मन लागत नाही. ऐकणाऱ्याला त्याच्याबद्दल कळवळा वाटतो. पण मध्ये ‘अ’ घालून पुढे ‘मॅन’ जोडलं, की बोलणं अवस्थेवरून स्वभावावर जातं. ‘अ मिझरेबल मॅन’ म्हणजे बहुधा कायम तोंड पाडून बसणारा, दुसऱ्याच्याही आनंदावर विरजण घालणारा माणूस. मराठीत ‘तो रडवेला झालाय’ आणि ‘तो रडका आहे’ या दोन वाक्यांत जेवढं अंतर आहे, जवळपास तेवढंच हे. ब्रिटिश बोलीत अशा माणसाला ‘मिझरी गट्स’ असं नावही आहे, आणि ते कुणी प्रेमाने फारसं घेत नाही.

नामाआधी हा शब्द आला की तो नेहमी टोचतोच, असंही नाही. नाम कशाचं आहे ते पाहावं. काळ किंवा अनुभव असेल तर अर्थ सरळ दुःखाचाच राहतो: ‘अ मिझरेबल चाइल्डहुड’ म्हणजे हालात गेलेलं बालपण, ‘अ मिझरेबल मॅरेज’ म्हणजे सुख न लाभलेला संसार. रक्कम किंवा प्रयत्न असेल तर मात्र तिरस्कार डोकावतो. ‘अ मिझरेबल सॅलरी’ म्हणजे तुटपुंजा पगार. ‘ही फेल्ड मिझरेबली’ म्हणजे तो सपशेल आपटला; त्याला त्याचं वाईट वाटलं की नाही, याबद्दल वाक्य काहीच सांगत नाही.

आपल्याकडे याला फार जवळचा शब्द आहे, ‘केविलवाणा’. केविलवाणा चेहरा पाहून पोटात कालवतं; ‘केविलवाणा प्रयत्न’ म्हणताना आपण त्या प्रयत्नाला हिणवतो. शब्द एकच, पण कीव कधी मायेने येते, कधी तुच्छतेने. शब्दकोशात ‘मिझरेबल’पुढे ‘दुःखी’च्या जोडीला ‘केविलवाणा’ आणि ‘दीनवाणा’ असते, तर शिकणाऱ्याला निम्मी वाट आधीच सापडली असती असं मला मनापासून वाटतं.

मुळात हे कीव प्रकरण लॅटिनमधलं. तिथे ‘मिसेर’ म्हणजे अभागी, दया यावी असा. इंग्रजीतला कंजुषासाठीचा ‘मायझर’ याच मुळाचा. पैसा असून सुख न भोगणारा तो अभागीच, असा त्यामागचा विचार दिसतो. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या बोलीत ‘मिझरेबल’चा अर्थ ‘चिक्कू’ असाही होतो, तेव्हा तिकडे नातेवाईक असतील तर जपून. याच ‘मिसेर’ला हृदयाचा लॅटिन शब्द जोडून ‘मिझरिकॉर्दिया’ झाला, म्हणजे करुणा. 1498 मध्ये लिस्बनला या नावाची धर्मादाय संस्था निघाली आणि सोळाव्या शतकात तिच्याच धर्तीवर पोर्तुगीजांनी गोव्यातही तशी संस्था काढली. दुःख, कीव, करुणा आणि कंजुषी हे सगळं एकाच घराण्यातलं.

आता रोजच्या बोलण्याकडे. ‘आय फील मिझरेबल’ हे वाक्य फार वेळा शरीराबद्दल असतं. सर्दीने नाक गच्च, अंग मोडून आलंय, अशा वेळी ते अगदी चपखल बसतं. ‘द वेदर इज मिझरेबल’ म्हणजे गारठा, भुरभुर पाऊस, काळोखलेलं आभाळ. ‘आय वॉज मिझरेबल ॲट दॅट स्कूल’ म्हणजे त्या शाळेत माझा जीव रमला नाही, दिवस वाईट गेले. या सगळ्यांत एक समान धागा आहे: परिस्थिती नकोशी झाली आहे आणि ती सरेपर्यंत सुटका नाही.

म्हणून जवळचं माणूस गेल्याच्या दुःखाला हा शब्द अपुरा पडतो. ‘ही इज मिझरेबल’ व्याकरणाने शुद्ध आहे, पण शोकाचं वजन त्याला पेलवत नाही. त्या लेकीने ‘ही इज हार्टब्रोकन’ किंवा ‘ही इज ग्रीव्हिंग’ म्हणावं. खुद्द त्या गृहस्थांशी बोलताना ‘आय ॲम सो सॉरी फॉर युअर लॉस’ पुरे. आणि ‘डिप्रेस्ड’ हा शब्द इंग्रज लोक सैलपणेही वापरतात, पण तो एका आजाराशी जोडलेला आहे. दुसऱ्याबद्दल तो आपण होऊन वापरू नये.

‘मिझरी’ या नामाला मराठीत मला ‘हाल’ सर्वांत जवळचा वाटतो. दुष्काळातले हाल, युद्धातले हाल, तिथे ‘मिझरी’ चालते. अर्थशास्त्रात ‘मिझरी इंडेक्स’ असतो: बेरोजगारीचा दर अधिक महागाईचा दर. ती बेरीजही लोकांच्या हालांचीच. ‘दे मेड हर लाइफ अ मिझरी’ म्हणजे त्यांनी तिला जगणं नकोसं केलं. सासुरवासाबद्दल इंग्रजीत सांगायचं झालं तर मी हेच वाक्य सुचवेन.

उच्चारात झ ‘माझा’तला, ‘माझी’तला नव्हे. आणि बोलताना मधला स्वर बहुतेक गिळला जातो, ‘मिझ्रबल’ असं काहीसं ऐकू येतं.

शेवटी ‘पुट समवन आउट ऑफ देअर मिझरी’. मूळ अर्थ जखमी जनावराला मारून त्याच्या यातना संपवणं. रोजच्या वापरात मात्र ताटकळलेल्याला एकदाचा निकाल सांगून टाकणं, एवढाच. परीक्षेच्या, मुलाखतीच्या निकालाबाबत खुशाल वापरावा. घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल, तर त्या माणसासंदर्भात चुकूनही वापरू नये. तिथे मूळ अर्थच ऐकू येतो.