ओहाना की हूप-डी-डू?

लहान मुलं बरोबर असतील तर डिस्ने वर्ल्डच्या पॉलिनेशियन हॉटेलातलं 'ओहाना' रेस्टॉरंटच घ्या. त्या हॉटेलातला हुला नाच, अग्निनृत्याचा डिनर शो 2020 मध्ये बंद पडला. जुने व्हिडिओ बघून तो शोधत बसू नका. ओहानात नूडल्स, चिकन, कोळंबी थेट टेबलावर येतं, हवं तितकं वाढून घ्या. शेवटी गरम ब्रेड पुडिंग, वर आइस्क्रीम. त्याला पोटात जागा ठेवाच! शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच सांगा. शोच हवा असेल तर डिस्नेच्याच फोर्ट वाइल्डरनेस रिसॉर्टमधला 'हूप-डी-डू' हा डिनर शो आहे, पण तो काउबॉय थाटाचा, पैसे आगाऊ आणि जवळपास दोन तास बैठक. पेंगुळलेल्या पोराला ती झेपत नाही. दोन्हींचं बुकिंग 60 दिवस आधी उघडतं, त्याच सकाळी करून टाका.